शाळा एक, गावे अनेक

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग सोडले की भिलाई लागते, आणि भिलाईच्या पुढे, रायपूरच्या अलीकडे, चरोदा लागते. प्रवाशाच्या लक्षात राहते ते येथील रेल्वेचे विस्तीर्ण यार्ड. रुळांचे जाळे, रात्रंदिवस चालणारी मालडब्यांची जुळवाजुळव आणि बाजूस रेल्वेची वसाहत. पश्चिमेस भिलाईचा पोलाद कारखाना व त्याची आखीव नगरी, पूर्वेस कुम्हारी, जवळच देवबलोद्याचे कलचुरींच्या काळातील शिवमंदिर, आणि या सर्वांच्या मधूनमधून धानाची शेते व जुनी खेडी. आज भिलाई-चरोदा ही स्वतंत्र महानगरपालिका आहे. परंतु तिची हद्द कोठे संपते आणि ग्रामपंचायतीची कोठे सुरू होते, रेल्वेची जमीन कोणती आणि कारखान्याची कोणती, हे नकाशा हाती घेतल्यावाचून सांगता यावयाचे नाही.

सकाळी शाळेची वेळ झाली की मुले या हद्दी ओलांडून जातात. हद्द ओलांडली हे त्यांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. पण शाळा चालविण्यासाठी जो पैसा लागतो त्याला हद्द पक्की ठाऊक असते. शेजारशेजारच्या चार गावांची मुले जर एका शाळेत येत असतील, तर खर्चाचा वाटा कोणी किती उचलावयाचा, आणि त्या शाळेच्या कारभारात शब्द कोणाचा चालावयाचा? प्रश्न साधा दिसतो. पण आपल्याकडे गेली पावणेदोनशे वर्षे त्याची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली गेली आहेत. त्या उत्तरांचा थोडक्यात मागोवा घ्यावा, असा आजच्या भाषणाचा उद्देश आहे.

इंग्रजी अमलापूर्वी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. पंतोजी गावात बसत, पालक धान्याच्या, शिध्याच्या रूपाने त्यांची सोय करीत, आणि ज्यांची मुले शिकत त्यांनीच भार सोसावा असा रिवाज असे. खर्चही त्यांचा आणि शब्दही त्यांचाच. मात्र ज्यांना शिकू दिलेच जात नव्हते, त्यांचा त्यात ना वाटा होता ना शब्द, हेही विसरून चालणार नाही.

सरकारने शाळा काढावयास आरंभ केल्यावर पहिली तोड निघाली ती अर्ध्याअर्ध्याची. मुंबई इलाख्याच्या शिक्षण मंडळाने १८५२ च्या सुमारास असे जाहीर केले की, जे गाव शिक्षकाचा निम्मा पगार देईल आणि शाळेसाठी जागा व पुस्तके यांची सोय करील, त्या गावास शाळा मिळेल. तत्त्व चांगले होते. परंतु निम्मा पगार कोणते गाव देऊ शकणार? बाजारपेठेचे, सावकारांचे, वतनदारांचे. कोरडवाहू खेड्याच्या वाट्यास शाळा येणे कठीण झाले. ही पहिली तोड काही वर्षांतच मागे पडली.

दुसरी तोड अधिक व्यापक होती. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीनमहसुलावर दर रुपयास एक आणा असा उपकर बसविण्यास सुरुवात झाली आणि १८६९ च्या कायद्याने त्यास कायम स्वरूप आले. यालाच आपले आजे-पणजे ‘लोकल फंड’ म्हणत. या फंडाचे दोन भाग रस्ते, विहिरी, धर्मशाळा यांस आणि एक भाग शाळांस, अशी वाटणी ठरली. जो शेतकरी सोळा रुपये सारा भरी, त्याच्याकडून आणखी एक रुपया लोकल फंडाचा घेतला जाई आणि त्या रुपयातील पाच आणे चार पै शाळेच्या नावे जमा होत. अशा लहानलहान रकमा मिळून जिल्ह्याची थैली तयार होई. एखादे गाव दरिद्री असले तरी जिल्ह्याच्या थैलीतून त्यास शाळा मिळू शकेल, ही कल्पना आपल्याकडे प्रथमच कायद्यात उतरली. शेजारगावांनी मिळून शाळेचा खर्च वाहण्याची आपल्याकडील पद्धत येथून सुरू होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पण थैली सामाईक झाली म्हणजे न्याय आपोआप होतो असे नाही. उपकर होता जमिनीच्या साऱ्यावर. तो भरी शेतकरी. तालुक्याच्या गावी राहणारा व्यापारी, वकील किंवा कारकून यांस त्याची झळ फारशी लागत नसे. उलट चांगली शाळा, चांगला शिक्षक आणि पक्की इमारत ही तालुक्याच्या गावी. म्हणजे पाच आणे चार पै खेड्यातून निघत आणि कसब्यात खर्च होत.

ही विसंगती ज्यांनी अत्यंत स्पष्टपणे सरकारपुढे मांडली ते महात्मा जोतीराव फुले. १८८२ च्या ऑक्टोबरमध्ये हंटर आयोगास सादर केलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की, सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, शिक्षणाच्या नावाने तिच्याकडून वेगळा उपकरही घेतला जातो, आणि तरीही इलाख्यातील दहांपैकी जवळजवळ नऊ खेड्यांत प्राथमिक शिक्षणाची कसलीच तरतूद नाही. मोठ्या शहरांतील नगरपालिकांनी आपापल्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च स्वतः सोसावा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपण सहसा विसरतो. स्थानिक समित्यांवर पाटील, इनामदार, सरदार अशी मंडळी बसविली तर फंडाचा विनियोग योग्य होणार नाही, असा त्यांनी इशारा दिला होता. पैसा कोणाकडून येतो, या प्रश्नाबरोबरच तो कोणाच्या हातून खर्च होतो, हाही प्रश्न जोतीरावांनी उपस्थित केला.

हंटर आयोगाने यातील पहिल्या मुद्द्याची दखल घेतली. नागरी आणि ग्रामीण शाळांचे जमाखर्च वेगळे ठेवावेत, म्हणजे खेड्यांचा पैसा शहरांकडे वळणार नाही, अशी शिफारस त्याने केली. शेतकऱ्याच्या पैशाच्या रक्षणासाठी ती योग्यच होती. पण तिच्या पोटी एक वेगळाच परिणाम होता. वह्या वेगळ्या झाल्या, त्याबरोबर शहर आणि खेडे यांचा शाळेपुरता असलेला संबंधही तुटत गेला. १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि जिल्हा नगरपालिकांचा असे दोन निरनिराळे कायदे झाले. त्यांतून निघालेल्या दोन वाटा पुन्हा क्वचितच एकत्र आल्या.

पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाच्या वाटणीचा प्रश्न पुन्हा पुढे आला. स्थानिक संस्थांनी एक तृतीयांश आणि सरकारने दोन तृतीयांश खर्च सोसावा, असे गोखल्यांचे गणित होते. १९१२ मध्ये विधेयक फेटाळले गेले. मात्र ब्रिटिश हिंदुस्थानात जे नाकारले गेले ते कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये, आणि त्याही आधी बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये, आपापल्या राज्यांत प्रत्यक्षात आणले होते. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या हाती आला आणि ‘स्कूल बोर्ड’ हा शब्द घरोघर झाला.

१९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने या रचनेत जी व्यवस्था केली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. या कायद्याने नगरपालिकांचे दोन वर्ग केले. ज्या मोठ्या नगरपालिका स्वतःच्या बळावर शाळा चालवू शकत त्या अधिकृत. ज्या लहान होत्या त्या अनधिकृत. ‘अनधिकृत’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच की, अशा लहान शहरांच्या शाळा जिल्हा स्कूल बोर्ड चालवी आणि त्या शहराने बोर्डास दरवर्षी ठरावीक वर्गणी द्यावयाची. पाच-दहा हजार वस्तीची गावे आणि भोवतालची खेडी यांनी एकाच मंडळाखाली, एकाच शिक्षकवर्गाकडून आपली मुले शिकवून घ्यावीत, अशी ही योजना होती.

आता चरोद्याच्या परिसराकडे वळू. छत्तीसगड आणि मराठी माणूस यांचा संबंध नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून या प्रदेशाचा कारभार केला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगडही इंग्रजांकडे गेला आणि पुढे मध्यप्रांतात आला. १८८३ च्या कायद्याने मध्यप्रांतात जिल्हा कौन्सिले आणि लोकल बोर्डे स्थापन झाली. १९०६ मध्ये रायपूर व बिलासपूर या जिल्ह्यांचे भाग काढून दुर्ग जिल्हा बनविला गेला. या मधल्या काळात आगगाडी आली, गावे वाढली, आणि खेड्यातील शाळा जिल्हा कौन्सिलाच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगत राहिली.

या अडचणीतून मार्ग काढण्याचा एक निराळाच प्रयत्न १९३७ नंतर झाला. रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल हे त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री होते. ‘विद्यामंदिर’ या त्यांच्या योजनेनुसार गावाने शाळेस जमीन द्यावयाची आणि तिच्या उत्पन्नातून, म्हणजे वर्षास सुमारे २०० रुपयांतून, शाळा चालावयाची. शिक्षक तयार करण्यासाठी १९३८ मध्ये वर्ध्यास शिक्षणकेंद्रही उघडले गेले. शाळेस देवस्थानासारखी जमीन असावी ही कल्पना मोहक होती. पण जमीन देणारा तो गावचा मोठा जमीनदार, आणि जमीन ज्याची त्याचा शब्द, ही भीतीही त्यात होती. १९३९ च्या अखेरीस काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला.

स्वातंत्र्यानंतर याच प्रांतात जो प्रयोग झाला तो मला सर्वांत धाडसाचा वाटतो. १९४८ च्या स्थानिक शासन कायद्याने जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे रद्द झाली आणि त्या वर्षाच्या १ जुलैपासून प्रत्येक तहसिलीसाठी एक ‘जनपद सभा’ स्थापन झाली. स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे जनक. नागपूरच्या ज्या विधानसभेत हा कायदा झाला तिचे अध्यक्ष घनश्यामसिंह गुप्त हे दुर्गचेच. जनपद सभेचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ खेड्यांची नव्हती. तहसिलीतील खेडी आणि शहरे यांस एका छत्राखाली आणावे, त्यांचे प्रतिनिधी एकाच सभागृहात बसावेत आणि शाळा, रस्ते, दवाखाने यांचा विचार त्यांनी मिळून करावा, असा तिच्यामागचा विचार होता. हंटर आयोगाच्या काळी वेगळ्या झालेल्या वह्या पुन्हा एकत्र बांधण्याचा हा प्रयत्न होता. चरोद्याची मुले ज्या दुर्ग तहसिलीत मोडत, तेथील प्राथमिक शाळा या सभेच्या कारभारात आल्या.

हा प्रयोग अपेक्षेइतका का फळला नाही? कारण उघड आहे. सभेकडे कामे मोठी आली, पण उत्पन्न लहान राहिले. शाळामास्तरांचे पगार हाच तिचा मोठा खर्च, आणि त्यासाठी तिला सरकारी अनुदानाची वाट पाहावी लागे. सभागृह सामाईक झाले, पण त्यात बसणाऱ्यांच्या हाती देण्यासारखे फारसे नव्हते. लोकल फंडाच्या काळी पैसा होता पण देणाऱ्यास शब्द नव्हता. जनपद सभेच्या काळी शब्द आला, पण पैसा अपुरा पडला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांताचे विभाजन झाले. भंडारा, चांदा, नागपूर यांसह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि दुर्ग नव्या मध्यप्रदेशात राहिला. कालपर्यंत एकाच कायद्याखाली असलेली भंडाऱ्याची शाळा आणि दुर्गची शाळा आता दोन वाटांनी चालू लागल्या. विदर्भात जनपद सभांचा शेवट १ मे १९६२ रोजी झाला. त्या दिवसापासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामास लागल्या, आणि ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीकडे आल्या. आज महाराष्ट्रात ‘झेडपीची शाळा’ म्हटले की जी कौलारू इमारत डोळ्यांपुढे उभी राहते, तिची ही पूर्वपीठिका.

दुर्गकडे मात्र वेगळीच घडामोड चालू होती. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि भिलाईस पोलाद कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर नगरी आली, नगरीबरोबर तिच्या शाळा आल्या. देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांच्या मुलांना या शाळांनी शिकविले. त्यांत मराठी मुलेही होती. आपल्या कामगारांसाठी कारखान्याने शाळा काढाव्यात यात अनुचित काही नाही. त्याचे ते कर्तव्यच होते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता येथे एक नवी गोष्ट घडली. आजवर या परिसरात थैली सामाईक पण रिकामी होती. आता प्रथमच भरलेली थैली आली, पण ती एका नगरीची. कारखान्याची, रेल्वेची, नगरपालिकेची आणि राज्यसरकारची, अशा वेगवेगळ्या थैल्या शेजारीशेजारी नांदू लागल्या, आणि त्यांना एकत्र बसविणारी सभा मात्र उरली नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात १६४७ मध्येच असा कायदा झाला की, पन्नास कुटुंबांच्या गावाने शिक्षक नेमावा आणि शंभर कुटुंबांच्या गावाने व्याकरणशाळा चालवावी. पुढे १७८९ च्या कायद्याने तेथे गावाचेही तुकडे करून प्रत्येक वस्तीस आपापली शाळा चालविण्याची मुभा मिळाली. परिणाम आपल्या १८५२ च्या प्रयोगासारखाच झाला. सधन वस्तीची शाळा सुधारली, गरीब वस्तीची खालावली, आणि १८८२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे हंटर आयोग काम करीत होता त्याच वर्षी, ती पद्धत तेथे कायमची बंद झाली. विसाव्या शतकात लहान गावांनी एकत्र येऊन विभागीय शाळा काढण्याची प्रथा तेथे रुजली. तेथे गावे आपसांत लेखी करार करतात. कोणत्या गावाचे किती विद्यार्थी, त्यावरून त्याचा वाटा किती, शाळेच्या समितीवर त्याचे सभासद किती, नवे गाव आत कसे येईल आणि जुने बाहेर कसे जाईल, हे सारे त्यात लिहिलेले असते. वार्षिक अंदाजपत्रकास दोनतृतीयांश गावांची संमती लागते. गावे दोनच असली तर दोघांचीही. भांडणे तेथेही होतात. ज्या गावात मुले कमी झाली ते म्हणते, आमचा वाटा कमी करा. ज्याच्याकडे मिळकती अधिक ते म्हणते, भार आम्हांवरच का? पण ते भांडण कोठे भांडावयाचे ती जागा ठरलेली असते.

अशी जागा नसली म्हणजे काय होते, याचा अनुभव मला नोकरीत आला. एका लहान शहराची हद्द वाढली आणि शेजारच्या खेड्याची शाळा त्या हद्दीत आली. इमारत शहराच्या हद्दीत, शिक्षकांची नेमणूक पंचायतीकडून, आणि निम्मी मुले हद्दीबाहेरील वस्त्यांतील. छप्पर गळू लागले. दुरुस्तीचा कागद एका कार्यालयातून दुसऱ्यात गेला, तेथून तिसऱ्यात, आणि शेरे घेऊन पहिल्याकडे परतला. कोणीही नियमाबाहेर वागले नव्हते. त्या कागदावर माझाही एक शेरा होता. त्यात दोन पावसाळे गेले. अखेर गावकऱ्यांनीच वर्गणी काढून पत्रे घातले. पाहणीसाठी गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने छत्तीसगढीत मला जे सांगितले त्याचा आशय असा की, पोरे कोणाची हे आम्हांला ठाऊक होते, छप्पर कोणाचे एवढेच ठरावयाचे राहिले होते. त्यावर देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती व नगरपालिका यांस घटनेत स्थान मिळाले, ही मोठीच गोष्ट झाली. पण दुरुस्त्या दोन झाल्या आणि अनुसूचीही दोन झाल्या. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक व माध्यमिक शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे. नगरपालिकांच्या बाराव्या अनुसूचीत शिक्षणाचा उल्लेख सांस्कृतिक विकासाच्या जोडीने, मोघमपणे येतो. दोहोंस एकत्र बसविण्यासाठी घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदात जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे. शहर आणि खेडे यांचे निवडून आलेले प्रतिनिधी जेथे एका मेजाभोवती बसू शकतात अशी ती जागा आहे. पण शाळेचा प्रश्न तेथे किती वेळा निघतो, हे ज्याचे त्याने आपल्या जिल्ह्यात पाहावे. छत्तीसगडात पंचायती आणि नगरसंस्था यांनी नेमलेले शिक्षाकर्मी २०१८ पासून टप्प्याटप्प्याने राज्याच्या शिक्षण विभागात सामावून घेतले गेले. पगाराची चिंता मिटली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर शिक्षकाची नाळ स्थानिक संस्थेपासून तुटली, हेही खरे.

दुसऱ्या बाजूने, २०१० च्या १ एप्रिलपासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने शेजारशाळेची कल्पना आणली. केंद्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. हे अंतर मुलाच्या पावलांनी मोजावयाचे आहे, हद्दीच्या दगडांनी नव्हे. बाहेरगावाहून पोटासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देण्याची जबाबदारीही कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. यार्डाच्या आणि कारखान्याच्या आसऱ्याने वस्ती वाढलेल्या चरोद्यासारख्या गावी या तरतुदीचे मोल किती, हे सांगावयास नको.

या साऱ्या इतिहासातून मला जे दिसते ते एवढेच. सामाईक शाळेस सामाईक थैली लागते आणि सामाईक बैठकही लागते. दोहोंपैकी एकच असून भागत नाही. थैली असून बैठक नसली की दुबळ्याचा पैसा सबळाकडे जातो. बैठक असून थैली नसली की ठराव होतात आणि छप्पर गळत राहते. जोतीरावांनी १८८२ मध्ये या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात मांडल्या होत्या, हे आपले भाग्य. पुढे आपण त्या पुन्हापुन्हा वेगळ्या केल्या, हा आपला दोष.

जनपद सभा गेली, पण शब्द राहिला. छत्तीसगडात विकासखंडाच्या पातळीवरील पंचायतीस आजही ‘जनपद पंचायत’ म्हणतात. त्या नावात एके काळी शहर आणि खेडे दोन्ही होती; आता केवळ खेडी उरली आहेत. त्या नावाचा जुना अर्थ त्यास परत मिळावा, एवढ्यासाठी नवा कायदाच हवा असे नाही. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत महापौर, सरपंच आणि जनपदाचा अध्यक्ष यांनी कारखान्याच्या व रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शेजारी बसवून वर्षातून एकदा एकच प्रश्न चर्चेस घेतला, की आपल्या हद्दींवर पाय देत जाणारी ही मुले कोणकोणत्या शाळांत जातात आणि त्या शाळांचे छप्पर कोणाकडे आहे, तरी आरंभ होईल.